पहिली गाडी

अमेरिकेत 'पहिली गाडी' म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे विद्यार्थीदशेत घेतलेली जुनी होंडा नाहीतर टोयोटा येते. तिच्या कहाण्या तुम्ही ढिगाने ऐकल्या असतील, त्यामुळे ती आज नको. आज जिच्याबद्दल लिहितोय ती गाडी हातभरसुद्धा लांब नाही. तिला लायसन लागत नाही, इन्शुरन्स लागत नाही, आणि तरीही ती निवडताना आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी आमची खरी गाडी घेताना झाली नव्हती. रिमोटवर चालणारी, म्हणजे इथल्या भाषेत 'आरसी' गाडी. त्यातही खेळण्यांच्या दुकानातली नव्हे, 'हॉबी-ग्रेड'. हा फरक काय असतो आणि नवशिक्याने पहिली गाडी कशी निवडावी, हे सांगायचा आजचा बेत आहे. मध्ये मध्ये आमचे अण्णा येतील, त्याला इलाज नाही.

आधी गावाबद्दल थोडं. स्टेट कॉलेज हे गावाचं नाव आहे, कॉलेजचं नव्हे. (इथे आल्यावर पहिली दोन वर्षं कोल्हापूरच्या नातेवाइकांना हेच समजावत होतो. "कुठल्या कॉलेजात आहेस?" "कॉलेजात नाही हो, स्टेट कॉलेजात!") पेनसिल्व्हेनियाच्या साधारण मध्यावर, डोंगरांच्या रांगांमधल्या एका खोऱ्यात हे वसलंय. २०२० च्या जनगणनेत वस्ती साधारण ४०,५०० भरली. पेन स्टेट विद्यापीठ हेच इथलं सर्वस्व. त्यांच्या बीव्हर स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात, म्हणजे फुटबॉलच्या शनिवारी गावाच्या दुपटीहून जास्त माणसं एका जागी बसून ओरडत असतात. बाकीच्या दिवशी निवांत. पिट्सबर्ग आणि फिलाडेल्फिया दोन्हीकडे जायला तीनेक तास लागतात. या खोऱ्याला लाडाने 'हॅपी व्हॅली' म्हणतात, आणि ऑक्टोबरात झाडांचे रंग पाहिले की ते पटतंही. डिसेंबरात मात्र पाच वाजायच्या आत अंधार होतो, दाराबाहेर बर्फ असतो, आणि ज्यांना गाडी चालवता येत नाही त्यांच्यासाठी घर म्हणजे खिडक्या असलेला डबा होतो.

अण्णा, म्हणजे माझे वडील, सप्टेंबरच्या शेवटी सहा महिन्यांसाठी आले होते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात त्यांनी चाळीस वर्षं लेथवर काढली. उद्यमनगर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: ऑइल इंजिनं, त्यांचे सुटे भाग, ओतकाम, यंत्रकाम, सगळं एका पेठेत. गल्लीत शिरलं की कूलंटचा वास आणि लोखंडाचा किस. अशा माणसाला सोफ्यावर बसवून टीव्ही लावून दिला तर तो किती दिवस टिकेल? आई गेल्यापासून ते तसेही कमी बोलतात. नातवाशी बोलावं तर चिरंजीवांना (वय वर्षे नऊ) मराठी समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. "जेवलास?" "या." "शाळा?" "गुड." संपला संवाद. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अण्णा मला हळूच म्हणाले, "तिकीट अलीकडं ओढता येतंय का बघ की."

त्याच आठवड्यात चिरंजीवांना दिवाळीत मिळालेली रिमोटची गाडी मेली. अण्णांनी ती मागून घेतली, चष्मा लावला, आणि जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून खोलली. आत एक हिरवी पट्टी, सगळे भाग तिच्यावरच डाग दिलेले, गिअरचा डबा चिकटवून बंद केलेला. दहा मिनिटं उलटसुलट करून त्यांनी निकाल दिला, "हे दुरुस्त करायला केलेलंच न्हाई. फेकायला केलंय." चिरंजीव शेजारी उभे राहून बघत होते. त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, दुरुस्त करता येते अशी गाडी मिळते का?

मिळते. तीच हॉबी-ग्रेड.

खेळण्यातल्या गाडीत स्टिअरिंग बहुतेक वेळा पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे किंवा सरळ असतं. अधलं-मधलं काही नाही. हॉबीच्या गाडीत रिमोटचं चाक जेवढं फिरवाल तेवढंच गाडीचं चाक वळतं, आणि ट्रिगर जेवढा दाबाल तेवढाच वेग. पण त्याहून महत्त्वाचा फरक पोटात आहे. इथे सगळे अवयव सुटे असतात: रिमोटचा सिग्नल घेणारा रिसीव्हर वेगळा, चाक वळवणारी सर्वो मोटर वेगळी, मुख्य मोटरला वीज मापून देणारा स्पीड कंट्रोलर वेगळा, बॅटरी वेगळी. आणि त्यांची आपसातली भाषा ठरलेली असते. सर्वोला तीन वायरी, त्यांतल्या एकीवरून सेकंदाला कित्येकदा एक छोटा पल्स येतो. तो दीड मिलिसेकंदाचा असेल तर चाक मध्यावर, एक मिलिसेकंदाच्या आसपास असेल तर एका बाजूला, दोनच्या आसपास असेल तर दुसऱ्या. ही भाषा बहुतेक सगळ्या कंपन्या बोलतात, त्यामुळे एकाची सर्वो मेली तर दुसऱ्याची बसते. मला हे वाचून जुन्या रेडिओंची आठवण झाली. व्हॉल्व्ह गेला, व्हॉल्व्ह बदला. रेडिओ फेकायचा हा विचारच कुणाच्या मनात येत नसे.

तर मंडळी, एका शनिवारी आम्ही तिघं एका छोट्या हॉबी शॉपमध्ये गेलो. काउंटरमागे साठीपुढचे एक गृहस्थ होते. मी आपला इंटरनेटवर तीन रात्री जागून केलेला अभ्यास घेऊन सज्ज, पण त्यांनी मला बोलूच दिलं नाही. त्यांनी तीन प्रश्न विचारले. कुठे चालवणार? कोण चालवणार? आणि मोडली की कोण दुरुस्त करणार? तिसऱ्या प्रश्नात "मोडली तर" नव्हतं, "मोडली की" होतं, हे लक्षात घ्या.

कुठे चालवणार, यावर गाडीची जात ठरते. डांबरावर पळणाऱ्या रेसिंग गाड्या जमिनीला घासून चालतात. सुपारीएवढा खडा आला तरी अडतात. बग्गी आणि ट्रक उंच असतात, गवत, माती, खडी सगळीकडे जातात. तिसरी जात क्रॉलरची, अगदी हळू, दगडांवरून पालीसारखी चढणारी. स्टेट कॉलेजला एकही जागा सपाट आणि स्वच्छ नाही. हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याचा खडा आणि खारट पाणी मार्चपर्यंत पुरतं. त्यामुळे डांबरी रेसिंग बाद. (कोल्हापूर, पुणे, नाशिक कुठेही राहत असलात तरी तुम्हालाही हाच सल्ला. आपल्या रस्त्यांवर खड्डा हे वळणाइतकंच नैसर्गिक आहे.)

इथे अण्णा हरवले. शोधलं तर काचेच्या कपाटापुढे उभे. आत नायट्रो गाडीचं इंजिन ठेवलं होतं, अडीच सीसीचं, लिंबाएवढं. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांच्या मिश्रणावर चालतं. त्याला कार्ब्युरेटर आहे, पिस्टन आहे, पेटवायला ग्लो-प्लग आहे. ज्या माणसाने आयुष्यभर हातभर उंचीच्या इंजिनांचे भाग कातले त्याच्या चेहऱ्यावर, स्वर्गीय दागिना पाहिल्यावर येतो, तसा भाव होता. "ह्याचा पिस्टन केवढासा आसंल रे!" दुकानदाराने ते इंजिन बाहेर काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला इंग्रजी येत नाही, आणि दोघं पाच मिनिटं बोटांनी क्लिअरन्सबद्दल बोलत होते. मला दुभाषी म्हणून कुणी विचारलंही नाही.

पण पहिली गाडी म्हणून नायट्रो घेऊ नका, असं त्या गृहस्थांनीच सांगितलं. आवाज मोठा, धूर, दर वेळी हवामानानुसार कार्ब्युरेटरचा स्क्रू जुळवणं, आणि अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर शेजारी. नवशिक्याने इलेक्ट्रिक घ्यावी. अण्णांनी इंजिन परत केलं, पण नाइलाजाने.

मग वेग. हीच सगळ्यांना भुलवणारी गोष्ट. डब्यावर मोठ्या अक्षरांत ताशी मैल लिहिलेले असतात आणि नऊ वर्षांचा मुलगा (आणि चाळिशीपुढचा बापही) तेवढंच वाचतो. इथे माझं इंजिनिअरिंग कामी आलं. दोन किलोची गाडी ताशी ३० मैलांनी, म्हणजे साधारण ४८ किलोमीटरने पळत असेल तर तिच्यात सुमारे १८० ज्यूल ऊर्जा असते. निम्म्या वेगाला ती पाव होते, ४५. म्हणजे वेग दुप्पट केला की धडक चौपट. शिकाऊ माणूस धडकणारच आहे, तेव्हा कितीने धडकायचं एवढंच आपल्या हातात. काही तयार गाड्यांत यासाठी शिकाऊ मोड असतो. टेक्सासच्या ट्रॅक्सस कंपनीची २००८ साली आलेली 'स्लॅश' ही शॉर्ट-कोर्स ट्रक गाडी इथे फार लोकप्रिय आहे. तिच्या साध्या ब्रश मोटरच्या मॉडेलात असा मोड आहे, तो लावला की ताकद निम्मी होते. कुणाला डबा उघडून त्याच दिवशी पळवायची असेल तर असं काही घ्यावं. बिनधास्त घ्यावं.

बॅटरीबद्दल दोन शब्द, कारण इथे गंमत नाही. जुन्या पद्धतीच्या निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीत १.२ व्होल्टचे सहा सेल, मिळून ७.२ व्होल्ट. जड आणि थोडी मंद, पण सोशिक. लिथियम पॉलिमरची हलकी आणि जोरकस, पण लाडावलेली. सेलमागे ४.२ व्होल्टच्या वर भरायची नाही, ३ च्या खाली उतरवायची नाही, महिनाभर ठेवायची तर ३.८ च्या आसपास ठेवायची, फुगली तर वापरायची नाही, आणि चार्जिंगला लावून घराबाहेर जायचं नाही. बिघडली तर पेट घेते. घरात लहान मूल असेल तर पहिली बॅटरी निकेलची घ्या, आणि चार्जर मात्र चांगला घ्या. रिमोटचा प्रश्न आता सोपा झालाय. पूर्वी प्रत्येक रिमोटला क्रिस्टल असायचा, आणि मैदानात दोघांचा क्रिस्टल एकच निघाला तर तुमच्या रिमोटवर दुसऱ्याचीच गाडी सुसाट. आता २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट आपल्या रिसीव्हरशी जोडी जमवतात आणि दुसऱ्याकडे बघत नाहीत.

शेवटचा प्रश्न: तयार घ्यायची की किट? तयार गाडी डब्यातून काढा, बॅटरी घाला, पळवा. किट म्हणजे पिशव्यांत भरलेले सुटे भाग, स्क्रू आणि चित्रांची पुस्तिका. रिमोट, सर्वो, बॅटरी, चार्जर हे सहसा वेगळं घ्यावं लागतं, आणि ते जवळजवळ किटच्याच किमतीत जातं, हे आधीच धरून चाला. दुकानदार मला समजावत असताना त्यांची नजर अण्णांच्या हातांकडे गेली. काळे डाग कायमचे मुरलेली बोटं. ते म्हणाले, "तुमच्या घरी मेकॅनिक आहे. किट घ्या."

म्हणून आम्ही टामियाची 'ग्रासहॉपर' घेतली. टामिया ही जपानमधल्या शिझुओका शहरातली कंपनी. १९४६ साली लाकूडकामाचा धंदा म्हणून सुरू झाली, मग लाकडी मॉडेल, मग प्लास्टिकची. १९७६ साली त्यांनी पोर्शे ९३४ ची रेडिओवर चालणारी प्रतिकृती काढली, ती त्यांची पहिली आरसी गाडी. ग्रासहॉपर आली १९८४ साली, पुढे बंद झाली, आणि २००५ साली पुन्हा काढली. मागच्या दोन चाकांना जोर, छोटी ३८० आकाराची मोटर, साधी स्प्रिंग. वेगात आजच्या गाड्यांपुढे ती म्हणजे लूनाच. पण रचना इतकी उघडी की काय कशाला फिरवतं ते बघून कळतं, आणि मुख्य म्हणजे तिचे सुटे भाग मिळतात.

किटची पुस्तिका हा एक चमत्कार आहे. शब्द कमी, चित्रं जास्त. कुठला स्क्रू हे कळावं म्हणून तो खऱ्या मापात छापलेला, वर ठेवून ताडून बघायचा. अण्णांना ड्रॉइंग वाचायला कधीच शब्द लागले नव्हते, चिरंजीवांनाही लागले नाहीत. टेबलावर पुन्हा वर्तमानपत्र पसरलं. पहिल्याच स्क्रूला अण्णा थांबले. "पाना बसंना." नीट पाहिलं तर खरंच, जपानी स्क्रूच्या डोक्यावरची फुली आपल्या नेहमीच्या फिलिप्सपेक्षा किंचित वेगळी असते, नेहमीचा स्क्रूड्रायव्हर त्यात निसटतो आणि डोकं खराब करतो. जपानी टोकाचा मागवला. तो येईपर्यंत तीन दिवस काम बंद. घाईत स्क्रूचं डोकं खाल्लं तर पुढं रडायचं, हे अण्णांनी नातवाला मराठीत सांगितलं आणि नातवाने चक्क ऐकलं.

मग स्वस्त किटमध्ये सहसा असतात तसे चाकांना बुश निघाले. "बुश कशाला? बेअरिंग घाल की." टामियाच्या बऱ्याच गाड्यांना बाहेरून ११ आणि आतून ५ मिलिमीटरचं बेअरिंग चालतं, ते आणलं. पहिला बदल करायचा असेल तर नवशिक्याने मोठी मोटर नव्हे, बेअरिंग घालावीत, हे सगळे जाणकार सांगतात. अण्णांना ते कुणी सांगावं लागलं नाही.

सगळ्यात सुंदर गोष्ट मी दाराआडून पाहिली. प्लास्टिकमध्ये स्क्रू पिळताना तो स्वतःच आटे पाडत जातो. खोलून पुन्हा लावताना सरळ पिळला तर नवे आटे पडतात आणि जुने मरतात. अण्णांनी चिरंजीवांचा हात धरला. "आधी उलटा फिरव. हळू. टक् झालं? बसला बघ जुन्या आट्यात. आता पुढं." चिरंजीव म्हणाले, "टक् झालं, आजोबा." तीन शब्द, तिन्ही मराठी. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत त्यांच्या मराठीत आटे, पाना, खाच, "प्ले आलाय" आणि "आटे गेले" यांची भर पडली. वॉशरला ते आता वायसर म्हणतात. इथल्या मराठी शाळेच्या बाईंना हा शब्द कुठून आला ते कळेना.

फेब्रुवारीतल्या एका उबदार रविवारी (उबदार म्हणजे ८ अंश) गाडी पार्किंग लॉटमध्ये उतरली. शून्याखालच्या थंडीत प्लास्टिक ठिसूळ होतं आणि बॅटरीही दम टाकते, म्हणून इतके दिवस थांबलो होतो. गाडी टुणटुण उड्या मारत निघाली, नावाला जागून. चौथ्या फेरीला चिरंजीवांनी ती पूर्ण वेगात कर्बवर घातली. पुढचं चाक आडवं. चाकाला धरून ठेवणारा प्लास्टिकचा भाग तुटला होता. चिरंजीवांचे डोळे भरले. गाडी मेली म्हणजे काय होतं हे त्यांना मागच्या गाडीवरून माहीत होतं. अण्णा मात्र खूश. खिशातून पुस्तिकेचं शेवटचं पान काढून त्यांनी त्या भागावर बोट ठेवलं, "हे मागव."

चार दिवसांनी भागांची पूर्ण फ्रेम आली, काही डॉलरची. ती बसवताना अण्णा समोर हाताची घडी घालून बसले होते, मदत न करता. त्यांच्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं असेल ते मला ठाऊक आहे. तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही. ठरल्या तारखेला, मार्चच्या शेवटी ते गेले.

तर नवशिक्यांनो, माझ्याकडून एवढंच. गाडी पसंत करायच्या आधी तिचा मोडणारा भाग शोधा: पुढचे आर्म, चाकाचे सांधे, गिअर. ते तुमच्या गावात किंवा परवडेल अशा टपालखर्चात मिळतात का ते बघा. महाराष्ट्रात बसून परदेशी गाडी मागवणाऱ्यांनी तर हे आधी बघावं, कारण गाडी एकदा येते, भाग वर्षभर लागतात आणि दर वेळी त्यावर टपाल आणि ड्युटी. भाग मिळत नसतील तर ताशी साठ मैलांची गाडीही शेवटी कपाटावरच जाते. आणि घरात कुणी पाना धरलेला म्हातारा माणूस असेल तर निवड करायला त्याला बरोबर न्या.

हल्ली रविवारी सकाळी, म्हणजे कोल्हापुरात संध्याकाळी, व्हिडिओ कॉल असतो. चिरंजीव फोन टेबलावर टेकवून गाडी खोलतात. बेअरिंग धुतली का, ग्रीस किती लावलं, मागच्या चाकाला प्ले आलाय का, अशी चौकशी चालते. मला "बरा आहेस ना" एवढं विचारून पुन्हा गाडीकडे. परवा फोन ठेवता ठेवता अण्णा म्हणाले, "पुढच्या खेपेला ते इंजिनवालं बघूया की."

शेजाऱ्यांना अजून कल्पना नाही.